कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून ठेवू नका: फिरत्या मेसेजला उत्तर

‘जुन्या फोर बाय फोरचा जॉइंट कधीच तुटणार नाही, फक्त एवढं करा’ असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. काल तो माझ्या धाकट्या भावाने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, आजपासून असंच चालवू ना?’ अजिबात नाही. त्याची गाडी जुनी, पार्ट-टाइम फोर बाय फोर आहे, म्हणजे एरवी दोन चाकांवर चालते आणि लिव्हर टाकला की चारही चाकांवर. मेसेजमधला पहिलाच सल्ला तिचे जॉइंट, म्हणजे चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांचे (शाफ्टचे) सांधे, मोडणारा आहे.

तो सल्ला असा (फोर एच म्हणजे लिव्हरची चारही चाकं चालवणारी जागा, टू एच म्हणजे फक्त दोन): ‘गाडी कायम फोर एचमध्ये ठेवा. ताण चारही चाकांत वाटला जातो आणि पुढचे जॉइंट गंजत नाहीत.’

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. पार्ट-टाइम गाडीत मधला डिफरेन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, नसतो, त्यामुळे लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. हा फरक कुठेतरी निघायलाच हवा. चिखलात, वाळूत टायर थोडा घसरतो आणि प्रश्न मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये, अॅक्सलमध्ये आणि जॉइंटमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, तीव्र वळणावर गाडी अडखळत उड्या मारते, आणि नंतर लिव्हर टू एचमध्ये यायलाच तयार होत नाही. अशा वेळी लिव्हरशी झोंबू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, पीळ सुटतो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरसुद्धा ही ओढाताण चालूच राहते. म्हणजे ताण वाटला जात नाही, नसलेला ताण तयार होतो.

यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. टोयोटाच्या पार्ट-टाइम गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये महिन्यातून निदान १६ किलोमीटर फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालवायला सांगितलंय, पुढच्या भागांना वंगण पोचावं म्हणून. पण कोरड्या, टणक रस्त्यावर ते वापरू नका, हेही त्याच मॅन्युअलमध्ये आहे. मेसेजवाल्याने पहिलं वाक्य कुठूनतरी उचललं आणि दुसरं सोडून दिलं. ते १६ किलोमीटर मातीच्या, सैल रस्त्यावर चालवा. लाडा निवा किंवा जुनी रेंज रोव्हर यांसारख्या गाड्यांत मधला डिफरेन्शियल असतो, त्या कायम चारही चाकांवरच चालतात. तिथेही डिफ लॉक (तो डिफरेन्शियल जखडून टाकणारं कुलूप) कोरड्या रस्त्यावर लावायचा नाही.

दुसरा मुद्दा: ‘आवाज आला की ग्रीस मारा, जॉइंट बरा होतो.’ नाही होत. क्रॉस जॉइंट म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असलेला सांधा. त्याच्या चारही टोकांवरच्या कपांत बारीक सुयांसारखे रोलर असतात. ग्रीस सुकलं किंवा पाणी शिरलं की त्या सुया क्रॉसच्या दांड्यावर खाचा पाडतात. कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसली की समजायचं, आतून जॉइंट गेलाय. कमी वेगात चिरचिर, गिअर टाकताना ‘ठक्’, वेग वाढला की थरथर, ही त्याचीच लक्षणं. खाच ग्रीसने भरून येत नाही. क्रॉस बदलावाच लागतो. पुढच्या चाकांजवळच्या सीव्ही जॉइंटचंही (बॉलवर फिरणाऱ्या सांध्याचंही) तेच. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कट-कट सुरू झाली म्हणजे आतले बॉल ज्या खाचांत फिरतात त्या झिजल्या. आणि बूटला (सीव्ही जॉइंटवरच्या रबरी आवरणाला) भोक पाडून सिरिंजने ग्रीस भरायचा सल्ला कृपा करून कुणी पाळू नका, त्याच भोकातून पाणी आणि माती आत जाणार.

ग्रीस मारायचं ते आवाज येण्याआधी. ग्रीस गन निपलवर (क्रॉसवरच्या ग्रीस भरायच्या तोंडावर) बसवा आणि चारही कपांतून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. तीन कपांतून आलं आणि एकातून नाही, तर काम अर्धवट आहे. शाफ्ट फिरवून पुन्हा मारा. गाडी पाण्यातून गेली असेल तर लगेच मारा.

‘क्रॉसवर गंज काढायचा स्प्रे मारा’: तो ग्रीसच पातळ करतो. सोडून द्या.

‘गाडी उंच केली की शाफ्ट वाचतो’: दगडापासून वाचत असेल, पण जॉइंटचा कोन वाढतो. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेरीत दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. ३० अंशांच्या कोनात हा वेग सुमारे ०.८७ पट ते १.१५ पट असा हलतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि शाफ्टची दोन्ही टोकं एकमेकांशी जुळलेली असली तरच हा चढउतार एकमेकांत जिरतो. त्यामुळे शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची खूण करा. स्प्लाइनचा (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत बसवणाऱ्या दात्यांचा) एक दात चुकला तरी थरथर सुरू होते.

तपासणी घरीच होते. चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रलला आणा, जॉइंटच्या दोन्ही बाजू हातात धरून उलट-सुलट पिळा. डोळ्यांना हालचाल दिसली की क्रॉस बदला. ठोकळे विसरू नका. जुन्या लँड रोव्हरसारख्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून) मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. तो शाफ्ट सुटला, तर उतारावर उभी गाडी हँडब्रेक ओढलेला असूनही निघून जाऊ शकते.