तबला झाकीरभाईंपासून सुरू होत नाही

१५ डिसेंबर २०२४ ला उस्ताद झाकीर हुसेन गेले, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: झाकीरभाईंच्या आधी तबला निव्वळ साथीचं वाद्य होतं, सोलो (एकलवादन) त्यांनी आणला, तबला परदेशी नेला तोही त्यांनीच, बोटांतली ती जादू जन्मजात होती, आणि तबलजीला मानसन्मान मिळाला तो त्यांच्यामुळे. लिहिणाऱ्याचं प्रेम खरं आहे. पण ही विधानं खरी नाहीत आणि त्यांच्यामुळे मोठमोठ्या माणसांची नावं पुसली जातायत. झाकीरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाही त्यात आले.

आधी सोलोचं पाहू. १९५१ मध्ये झाकीरभाई जन्मले तेव्हा उस्ताद अहमदजान थिरकवा साठीच्या घरात होते आणि त्यांच्या एकलवादनाचा देशभर दबदबा होता. मुरादाबादचा हा माणूस मुंबईत मुनीर खाँसाहेबांकडे शिकला. पुढे बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी वर्षानुवर्षं तबला वाजवला, म्हणून मराठी माणसाने तरी त्यांना विसरू नये. पुण्याचे लालजी गोखले, निखिल घोष, भाई गायतोंडे ही सगळी त्यांचीच शिष्यपरंपरा. गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांवर वेगवेगळे ताल एकाच वेळी धरत. त्यांचं निधन १९५३ चं, झाकीरभाई तेव्हा दोन वर्षांचे होते.

आणि सोलो म्हणजे नुसतं जलद वाजवणं नव्हे. पेशकार, कायदा, रेला, गत, तुकडा, चक्रदार अशा रचनाप्रकारांची त्याची बांधणी पिढ्यानपिढ्या घडत आली आहे. शिकणाऱ्याच्या हाती सुरुवातीलाच पडणारा दिल्लीचा कायदा घ्या: ‘धाधा तिट धाधा तिना, ताता तिट धाधा धिना’. पहिल्या ओळीतला ‘धाधा’ दुसरीच्या सुरुवातीला ‘ताता’ होतो, म्हणजे डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा थांबतो आणि नुसता दायाँ (उजव्या हाताचा) बोलतो. पुढच्या ‘धाधा’ला डग्गा पुन्हा उघडतो. खाली-भरीचा (डग्ग्याविना आणि डग्ग्यासह वाजण्याचा) हा खेळ कळला की मग पलटे सुरू होतात: अक्षरं तीच, मांडणी दर वेळी नवी, आणि शेवटी तिहाई (तीनदा येणारा तुकडा) घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर. एवढ्याशा दोन ओळींवर जाणकार वादक बराच वेळ रंगतो. हे व्याकरण अठराव्या शतकातल्या सिद्धारखाँच्या दिल्ली घराण्यापासून चालत आलंय. झाकीरभाईंचा सोलो याच व्याकरणावर उभा होता.

परदेशाचं उत्तर सोपं आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात अली अकबर खाँसाहेबांबरोबर तबल्यावर पंडित चतुरलाल होते. १९६७ ला माँटेरेच्या आणि १९६९ ला वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात रविशंकरांसोबत उस्ताद अल्लारखा होते. झाकीरभाई अमेरिकेत गेले ते १९७० मध्ये.

‘जन्मजात’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. मूल घरी आणलं तेव्हा अल्लारखांनी कानात प्रार्थनेऐवजी तबल्याचे बोल म्हटले, ही आठवण झाकीरभाई स्वतः सांगत. मजकुरात तेवढीच घेतली आहे. पुढची आठवणही त्यांनीच सांगितली होती: सात वर्षांचे झाल्यावर वडील पहाटे तीनला उठवायचे आणि सहापर्यंत बोल म्हणून घ्यायचे. तबल्याला हात न लावता, तोंडाने. त्यानंतर मदरसा, मग माहीमची सेंट मायकल शाळा. पंजाब घराण्याची विद्या मियाँ कादिरबक्षांकडून अल्लारखांकडे आली आणि तिथून अशा पहाटांमधून मुलाकडे. जन्मजात म्हटलं की बापाची ती मेहनत हिशेबातच राहत नाही, मुलाचीही नाही.

मानसन्मानाच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. तबलजीला कमी लेखलं जायचं. बिदागीत, जाहिरातीतल्या नावात, मंचावरच्या जागेत. झाकीरभाईंनी तो दृष्टिकोन बदलायला मोठा हातभार लावला, यात वाद नाही. पण ‘त्यांच्यामुळेच’ कसं म्हणणार? थिरकवा खाँसाहेबांना पद्मभूषण मिळालं १९७० मध्ये. दक्षिणेतले मृदंगवादक पालघाट मणी अय्यर यांना १९६६ मध्ये संगीत कलानिधी हा किताब आणि १९७१ मध्ये पद्मभूषण. २००२ ला झाकीरभाईंना पद्मभूषण जाहीर झालं, त्याच वर्षी बनारसच्या पंडित किशन महाराजांना पद्मविभूषण मिळालं. झाकीरभाईंचं पद्मविभूषण २०२३ चं.

मजकूर पुढे पाठवायचाच असेल तर ही चार वाक्यं काढा आणि त्यांनी खरोखर जे केलं ते लिहा. द्रुत लयीतही प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येईल अशी सफाई. डग्ग्यावरच्या मनगटाच्या दाबातून काढलेला, जवळजवळ गाणारा नाद. ‘शक्ती’ या वाद्यवृंदात घटम (मातीचा घडा) वाजवणारे विनायकराम यांच्याशी जुळवलेला उत्तर-दक्षिणेचा संवाद. आणि ज्याला त्रिताल मोजता येत नाही अशा श्रोत्यालाही तबल्यावर शंख-डमरू ऐकवून मैफलीत सामावून घेणं.