अण्णाचा चष्मा

पुण्यातल्या तळजाई टेकडीवर सकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींचं फिरणं हे निव्वळ निमित्त. खरं काम बाकावर चालतं. आधी सुना, मग जावई, मग सोसायटीचे चेअरमन आणि शेवटी त्या दिवशी न आलेला सभासद. हे सगळं बिनबोभाट चालू असताना अण्णाच्या मुलाने त्याला कॅलिफोर्नियाहून कॅमेऱ्याचा चष्मा पाठवला.

दिसायला साधा, जाड काळ्या काड्यांचा. काडीवरचं बटण दाबलं की फोटो, दाबून धरलं की व्हिडिओ. अण्णा तो घालून बाकावर बसला आणि आम्हा सगळ्यांचं मराठी एकदम छापील झालं. एरवी सुनेचा उल्लेख 'ती बया' असा करणारे एक सभासद थेट काचेत बघून म्हणाले, "सूनबाई म्हणजे आमची लेकच हो!" दुसऱ्यांनी पोट आत घेतलं ते उठेपर्यंत सोडलं नाही. मी हातातला क्रीमरोल गुपचूप पुड्यात परत ठेवला. मला साखर बंद आहे, आणि अण्णाची बायको आमच्या हिची मैत्रीण. असा डेटा कुठल्या सर्व्हरवर जातो याची जगाला चिंता असेल. मला तो आमच्या स्वयंपाकघरात जाण्याची होती.

"अरे, शूटिंग चालू असलं की इथे पांढरा दिवा लागतो," अण्णा म्हणाला. "दिवा झाकला तर कॅमेरा चालतच नाही."

दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि साडेसातचं ऊन थेट अण्णाच्या तोंडावर. त्यामुळे तो बोलायला लागला की आम्ही सगळे डोळे बारीक करून त्याच्या भुवईच्या टोकाकडे बघत बसायचो. आपलं इतकं मन लावून कुणी ऐकतंय हे पाहून त्याने बायपासची गोष्ट अगदी पहिल्यापासून सांगायला घेतली.

"चौकाचौकात सीसीटीव्ही चालतात, माझाच चष्मा खुपतो का?" हा त्याचा युक्तिवाद. पण चौकातला कॅमेरा आपल्यासमोर बसून खारी बुडवत नाही. आणि मोबाइलवाला निदान हात तरी वर करतो; तेवढ्यात माणूस केसांवरून हात फिरवून घेतो.

ही कुरकुर आमच्या बाकापुरतीच आहे असंही नाही. गूगलचा दीड हजार डॉलरचा 'ग्लास' नावाचा असाच कॅमेऱ्याचा चष्मा २०१३ साली सगळ्यांच्या हाती पडण्याआधीच सिएटलच्या एका बारने तो घालून येणाऱ्यांना मज्जाव केला होता. (निवांत बसून बोलण्याची किंमत बारवाल्यांना कळते.) पुढे २०१५ मध्ये गूगलने सामान्य ग्राहकांसाठीची ती विक्रीच थांबवली. आता तशी वस्तू साध्या चष्म्याच्या रूपात परत आली आहे, म्हणजे बंदी घालायची तर सगळेच चष्मे तपासा. त्यात २०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी असा चष्मा चेहरा शोधणाऱ्या साइटला जोडून, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव-पत्ता काढता येतो हे दाखवून दिलं. ते वाचल्यापासून मला स्कूटरवरून डोळे तेवढे उघडे ठेवून जाणाऱ्या, स्कार्फ गुंडाळलेल्या मुलींबद्दल नवा आदर वाटतो. पुण्यात या संकटाची तयारी फक्त त्यांनीच केलेली आहे.

शेवटी बाकावर ठराव झाला: चष्मा खिशात ठेवायचा. अण्णाने रागारागाने काढला. पण त्याचा नंबर त्याच काचांना, आणि जुना चष्मा घरी. त्याने पहिल्यांदा शेजारच्या बाकावरच्या एका बाईंना "काय रे, कधी आलास?" असं विचारलं. मग टेकडी उतरताना त्याला हाताला धरून न्यायचं काम माझ्याकडे आलं.

दिसत नसलं की माणूस मोकळा बोलतो. चेअरमनच्या नव्या गाडीचं आणि लिफ्टच्या कंत्राटाचं नातं त्याने मला फाटकापर्यंत तपशीलवार समजावलं. ते इथे लिहिलंही असतं, पण चेअरमन माझं सगळं वाचतात.