‘काउंट ऑन’ आणि ‘डिपेंड ऑन’ एकच नव्हेत

दहावीतल्या माझ्या भाचीने शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘माय एज्युकेशन काउंट्स ऑन माय फादर्स सॅलरी’ असे लिहिले आणि मी ते खोडताच, सध्या घरोघरी फिरणारा ‘इंग्रजीचे चार सोपे नियम’ हा संदेश पुरावा म्हणून माझ्यापुढे धरला. त्यातला पहिला नियम सांगतो, की ‘डिपेंड ऑन’, ‘रिलाय ऑन’, ‘काउंट ऑन’ आणि ‘बँक ऑन’ या सर्वांचा अर्थ ‘अवलंबून असणे’ एवढाच असून त्यांतले कोणतेही कोठेही चालते.

हे धादांत चूक आहे आणि ते कळण्यासाठी मराठी पुरेशी आहे. ‘सामना पावसावर अवलंबून आहे’ असे आपण म्हणतो. ‘सामन्याची पावसावर भिस्त आहे’ असे कोणी म्हणत नाही, कारण भिस्त ठेवायला मन लागते. ‘काउंट ऑन’ ही अशी भिस्त आहे: अमुक गोष्ट होणारच, असे धरून कोणीतरी आपला बेत आखलेला असतो. ‘डिपेंड’ मात्र ‘खाली लोंबणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला (आपल्या ‘अवलंब’मधला ‘लंब’ हा धातूही लोंबण्याचाच), आणि लोंबायला विश्वास लागत नाही. दिवसातून एकच बस येणाऱ्या गावातली माणसे त्या बसवर अवलंबून असतात, पण ती वेळेवर येईल यावर भिस्त ठेवतीलच असे नाही. तेव्हा शिक्षण पगारावर ‘डिपेंड’ करते. पगारावर ‘काउंट’ करणार ती भाची.

या क्रियापदांना ‘आयएनजी’ कधीच लावू नये, हा दुसरा नियम अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. ‘इट इज डिपेंडिंग ऑन द वेदर’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य चूकच आहे. परंतु ‘आय ॲम काउंटिंग ऑन यू’ हे निर्दोष असून इंग्रज माणूस ते रोज बोलतो.

वाक्याच्या शेवटी ‘ऑन’ येऊ नये, या तिसऱ्या नियमाला फाउलर यांनी 1926 साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात अंधश्रद्धाच ठरवले होते. ‘समवन यू कॅन काउंट ऑन’ हे आणखी कसे लिहिणार?

राहिला चौथा नियम, ‘अपॉन’ शुद्ध आणि ‘ऑन’ अशुद्ध हा. दोन्ही बरोबर आहेत. ‘अपॉन’ थोडे अधिक औपचारिक आहे, इतकेच.