आधी केमो, मग तो फॉरवर्ड

‘एमआरएनए लशीने कॅन्सर होतो, कोरियात ८४ लाख लोकांवर सिद्ध!’ हा फॉरवर्ड फिरत फिरत माझ्या आत्याच्या फोनवर पोचला. तिची स्तनाच्या कॅन्सरवर केमो चालू आहे. खाली सल्ला: ‘२१ दिवस गुळवेलीचा काढा घेऊन लशीचं विष उतरवा, तोवर बाकी औषधं बंद.’ आत्या म्हणाली, पुढची केमो जरा लांबवू या का? माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

‘भारतात सगळ्यांना हीच लस टोचली’ म्हणे. आत्याच्या सर्टिफिकेटवर कोविशिल्ड लिहिलंय. तुमच्याही बहुधा तेच असेल, नाहीतर कोव्हॅक्सिन. दोन्ही एमआरएनए नाहीत, म्हणजे पेशींना प्रथिन बनवायचा निरोप एमआरएनए रेणूतून धाडणाऱ्या जातीच्या नाहीत. एमआरएनए लस बनवणाऱ्या फायझरने इथला परवानगीचा अर्ज फेब्रुवारी २०२१मध्येच मागे घेतला. पुण्याच्या जेनोव्हाची एमआरएनए लस आली, पण तिला परवानगी मिळाली जून २०२२मध्ये, म्हणजे वरातीमागून घोडं. जी लस घेतलीच नाही, तिचं विष उतरवायचं कुठून?

आता कोरिया. फॉरवर्डवाला सांगतो त्या, सप्टेंबर २०२५मध्ये छापलेल्या अभ्यासात लस घेतलेल्यांमध्ये वर्षभरात कॅन्सरचं निदान २७ टक्के जास्त दिसलं, हे खरं आहे. त्यात कोविशिल्डचीच परदेशी बहीण अ‍ॅस्ट्राझेनेकाही होती, म्हणून ‘आपला काय संबंध’ म्हणून मी हात झटकत नाही. पण वर्षभरात? चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा स्फोट १९८६चा. मुलांमधले थायरॉइडचे कॅन्सर वाढलेले दिसायला १९९० उजाडलं. किरणोत्सर्गाला चार वर्षं लागतात आणि लशीला बारा महिने पुरतात? वर्षभरात सापडलेल्या बहुतेक गाठी आधीपासूनच असणार.

मग जास्त का सापडल्या? जो माणूस लस घ्यायला जातो, तो तपासणीलाही जातो. वाढलेल्या कॅन्सरच्या यादीत थायरॉइड आहे आणि कोरियाच्या थायरॉइडची कथा आधीच जगजाहीर आहे. तिथे सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली, तेव्हा दवाखाने थोड्या जादा पैशात मानेची सोनोग्राफीही करून देऊ लागले. २०११पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरा पट झालं. त्याने होणारे मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. हे २०१४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं, तेव्हा कोविडचा पत्ताही नव्हता. आणि नव्या अभ्यासाच्या लेखकांनीही लशी‘मुळे’ कॅन्सर होतो असं म्हटलेलं नाही. तो शब्द फॉरवर्डवाल्याचा.

फॉरवर्डमध्ये जपानचा जो शोधनिबंध पुरावा म्हणून जोडलाय, तो नियतकालिकाने जून २०२४मध्येच मागे घेतला. पुढे.

‘लशीत माकडाचा कॅन्सर व्हायरस एसव्ही४०’: यात अर्धं सत्य आहे. फायझरच्या लशीत त्या विषाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा उरतो आणि कंपनीने तो कॅनडाच्या औषध नियामकांना वेगळा दाखवला नव्हता. दाखवायला हवा होता, मान्य. पण तो नुसता जनुक चालू करणारा स्विच आहे. गाठी करणारं जनुक त्यात नाही, विषाणू तर नाहीच.

राहिला काढा. २१ दिवस म्हणजे आत्याच्या केमोची आख्खी एक सायकल. तेवढ्यात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला मोकळ्या. केमोची बरीच औषधं यकृतातून निघतात, आणि गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१मध्ये नोंदवलेत. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. नसेल पटलं, पण केमो चालू असताना ही परीक्षा आत्याच्या यकृतावर कशाला?