येमेनच्या विद्यार्थ्यांवरची पीएचडी बेगमपुऱ्यातूनच व्हायला हवी

फिलिप अल्टबाख हे नाव मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये मी फारसं कधी ऐकलेलं नाही. ऐकू यायला हवं, असं मनापासून वाटतं, कारण विद्यापीठांचा अभ्यास, अगदी आमच्या संभाजीनगरच्या विद्यापीठाशेजारच्या बेगमपुऱ्यात राहून शिकलेल्या येमेनी मुलांचासुद्धा, मराठवाड्यातूनच व्हायला हवा असं माझं म्हणणं आहे. जगभरातली विद्यापीठं कशी चालतात, हाच ज्यांनी आयुष्यभराचा विषय केला, अशा प्राध्यापकांमध्ये या अमेरिकन माणसाचं नाव फार वर घेतलं जातं. आणि त्यांच्या कामाची सुरुवात झाली ती आपल्या मुंबईतून. शिकागो विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी विषय घेतला मुंबईतल्या विद्यार्थी राजकारणाचा. १९६० च्या दशकात विशीतला हा तरुण इथे आला आणि त्यानं विचारलं की स्वातंत्र्यलढ्यात एवढे पुढे असलेले विद्यार्थी स्वातंत्र्य मिळाल्यावर असे विखुरले कसे? १९६८ मध्ये त्या प्रबंधाचं पुस्तक झालं. पुढे विस्कॉन्सिन, बफेलो आणि १९९४ पासून बॉस्टन कॉलेज. तिथे १९९५ साली त्यांनी आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाच्या अभ्यासाचं केंद्र उभं केलं, त्याच वर्षी त्रैमासिकही सुरू केलं. एका माणसाचं सगळं करिअर या एका विषयावर उभं राहिलं, आणि त्याचा पाया होता आपल्याच राज्यातल्या कॉलेजांतली पोरं.

त्यांची एक मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. ज्ञानाच्या जगाला एक केंद्र आहे आणि एक परीघ. केंद्रात मोजकी विद्यापीठं, मोजकी जर्नल्स, एक-दोन भाषा. कुठला प्रश्न संशोधनाच्या लायकीचा, हे तिथे ठरतं. बाकीच्यांनी ते वाचायचं आणि त्यावर आपली आकडेवारी बसवायची. १९९३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये लिहिताना त्यांनी भारत आणि चीन यांना परिघावरचे अवाढव्य देश म्हटलं होतं. चीन त्यानंतर कुठच्या कुठे गेला. आपण अजून पीएचडीचा विषय निवडताना आधी झालेले प्रबंध काढून बघतो आणि जिल्ह्याचं नाव बदलतो. ‘बीड जिल्ह्यातील’ऐवजी ‘परभणी जिल्ह्यातील’. मी समाजशास्त्र शिकवते, व्हायवाला म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेला बसते, हे सगळं जवळून पाहते आणि मला त्याचा त्रास होतो.

अल्टबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं आणखी एक काम इथे सांगायलाच हवं. २०१२ मध्ये त्यांनी २८ देशांतल्या प्राध्यापकांच्या पगारांची तुलना प्रसिद्ध केली, तीसुद्धा त्या त्या देशातली महागाई लक्षात घेऊन. त्यात भारत वरच्या देशांमध्ये होता, अमेरिकेच्या बरोबरीनं, किंचित वरच. हे वाचून आमच्याकडचे अनेक जण चकित होतील. पण ती तुलना सार्वजनिक विद्यापीठांतल्या पूर्णवेळ प्राध्यापकांची होती. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली, पीएचडी झालेली, पस्तिशी ओलांडलेली आणि तरी तासिका तत्त्वावर वर्ग घेणारी जी माणसं मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक सीनियर कॉलेजात आहेत, त्यांचा पगार त्या तक्त्यात कुठे बसणार? त्यांना पगार म्हणायचंच नसतं, मानधन असतं, आणि तेही महिनोन्‌महिने येत नाही. ही दुसरी बाजू जगापुढे मांडायची असेल तर ती कोण मांडणार? बॉस्टनहून कुणी येणार नाही. ते इथल्याच माणसाला लिहावं लागेल, आणि जगातल्या इतर देशांतल्या हंगामी प्राध्यापकांशी ताडून पाहावं लागेल. ब्राझीलमध्ये काय होतं, अमेरिकेत अर्धवेळ शिकवणाऱ्यांचं काय चाललंय, हे शेजारी ठेवलं की आपलं दुखणं केवळ आपल्या संस्थाचालकांचं राहत नाही, मोठ्या चित्राचा भाग होतं.

मराठवाड्यात आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षण या विषयाचं सामान किती आहे, याचा कुणी हिशेबच केलेला नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. १९१८ मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, त्यामुळे घरात मराठी बोलणारी आपल्या आजोबा-पणजोबांची पिढी उच्च शिक्षण घ्यायला परक्या भाषेत शिरत होती. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढून टाकलं, त्यातल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. संस्थानाची हद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात शिकायला गेलेली ही मुलं! पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांच्यातलेच. सरहद्द ओलांडून शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांवर आज जगभर ढिगानं निबंध निघतात, त्यात हे प्रकरण का नसावं?

मग १९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेलं कॉलेज. कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेला माणूस मुंबई-पुणे सोडून या मागास मुलखात कॉलेज काढतो, तेव्हा त्यानं तिकडून काय आणलं आणि इथे काय बदललं, हा आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाचाच प्रश्न आहे. १९५८ चं मराठवाडा विद्यापीठ. १९७४ चं मराठवाडा विकास आंदोलन, तेही विद्यार्थ्यांनीच पेटवलेलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा १९७८ चा विधिमंडळाचा ठराव आणि १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, मधली सोळा वर्षं, जळलेल्या वस्त्या, गेलेले जीव. एका विद्यापीठाच्या नावासाठी एवढी किंमत मोजलेला दुसरा प्रदेश मला तरी माहीत नाही. मुंबईच्या विद्यार्थ्यांवर एका माणसाचं करिअर उभं राहिलं. इथे तर दहा जणांची करिअरं उभी राहतील.

आणि येमेन. विद्यापीठात ज्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कधी ना कधी शिक्षण घेतलं, त्यांना हे सांगायला नको. येमेन, सुदान, इराक, थायलंड अशा देशांतली मुलं बेगमपुऱ्यात, पहाडसिंगपुऱ्यात खोल्या करून राहत. माझ्या वेळी रीडिंग रूममध्ये एक येमेनी संशोधक रोज माझ्या समोरच्या टेबलावर बसायचा. त्याच्या वहीत उजवीकडून अरबी आणि डावीकडून इंग्रजी, दोन्ही नोंदी पानाच्या मधोमध येऊन भिडायच्या. रिकाम्या कोपऱ्यात घरमालकाशी बोलायची हिंदी वाक्यं अरबी लिपीत. तिकडे युद्ध सुरू झाल्यावर त्याच्या ओळखीतल्या कित्येकांची शिष्यवृत्ती अडकली, फी थकली, परत जावं तर विमानतळ बंद. घरमालकांनी भाडं थांबवलं, किराणावाल्यानं उधारी चालू ठेवली, हे मी पाहिलेलं आहे. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत भारतभरात मिळून परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८. त्याउलट २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत आपली ३ लाख ३१ हजार मुलं होती. इतक्या तोकड्या संख्येतले काही जण पुणे-बंगळुरू सोडून आपल्या गावात का आले, काय घेऊन गेले? याचं उत्तर शोधणारा अभ्यास इथूनच निघायला हवा.

हाच विषय माझी एक माजी विद्यार्थिनी पीएचडीला घेऊन गेली होती. भटक्या समाजातली मुलगी, नेट झालेली, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते. मार्गदर्शकांनी सांगितलं, ‘‘हा आपला विषय नाही. याला रेफरन्स मिळणार नाहीत. ग्रामीण भागातलं काहीतरी घे.’’ ती मला फोनवर म्हणाली, ‘‘मॅडम, रेफरन्स नाहीत म्हणूनच तर करायचाय ना?’’ बरोबर आहे तिचं. शंभर टक्के.

बाहेर जाऊन करावं म्हटलं, तर तिथेही अडसर. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती तिच्यासारख्यांसाठीच आहे. पण २०२२ मध्ये नियम बदलले. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास, एवढे विषय त्यातून वगळले. म्हणजे भटक्या समाजातल्या मुलीनं सरकारी पैशावर परदेशात जाऊन दुसऱ्या कशाचाही अभ्यास करावा, स्वतःच्या समाजाचा आणि स्वतःच्या विद्यापीठाचा करू नये. हा नियम अन्यायाचा आहे आणि तो रद्द व्हायला हवा. आपल्या देशाचा अभ्यास परदेशात बसून करायला हरकत कसली? बाबासाहेबांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कला जातींवर निबंध वाचला, तो परदेशातच ना!

इकडे परदेशी विद्यापीठंच आपल्या दारात येत आहेत. यूजीसीनं म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२३ मध्ये नियम केले, २०२५ च्या जूनमध्ये नवी मुंबईसाठी पाच संस्थांना इरादापत्रं दिली गेली. चांगलं होईल की वाईट, यावर सगळे बोलतायत. पण त्यांची फी कोण भरणार, लातूर-नांदेडच्या मुलांचा त्यात वाटा किती, आपल्या विद्यापीठांतले चांगले प्राध्यापक तिकडे ओढले जातील का, हे मोजायला माणसं लागतात. ती माणसं आपण तयार केलेली नाहीत.

स्वीडनमधल्या माल्मोचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९९८ मध्ये तिथे नवं विद्यापीठ निघालं. मुलांना पाठवायला परदेशी विद्यापीठांशी जुने संबंध नव्हते, पण शहरात जगभरातून येऊन राहिलेली माणसं होती. तिथले बेंग्ट निल्सन म्हणाले, मग आपण घरच्या घरीच जग शिकवू. आज ही कल्पना जगभर अभ्यासली जाते. आमच्या बेगमपुऱ्यात हे काही नाव न देता वर्षानुवर्षं चालू होतं.

माझी ती माजी विद्यार्थिनी थांबलेली नाही. दुसऱ्या मार्गदर्शकांकडे अर्ज करते आहे, आणि तोवर मुलाखती जमवायला सुरुवात केली आहे. म्हणून ही विनंती: विद्यापीठाच्या आसपास परदेशी विद्यार्थ्यांना ज्यांनी घर भाड्यानं दिलं, जेवणाचे डबे दिले, थिसिस टाइप करून दिले, ज्यांच्या वर्गात ही मुलं होती, त्यांनी मला मेसेज करा. जुनी भाडेपावती, फोटो, उधारीची वही, काहीही चालेल. येमेनमध्ये परत गेलेल्या कुणाशी अजून संपर्क असेल तर तोही आधी त्यांना विचारून कळवा. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा इतिहासातले जे गाइड असतील आणि ज्यांच्याकडे जागा असेल, त्यांनी तर आजच फोन करा. तिचा आराखडा तयार आहे, मी तो पूर्ण वाचलाय.