प्लग बसला म्हणजे मॉनिटर जुळला असे नव्हे

जुन्या घरगुती संगणकांविषयी एक सल्ला सर्रास दिला जातो. मूळ मॉनिटर शोधत बसू नका, ज्याचा प्लग बसतो तो कोणत्याही कंपनीचा मॉनिटर चालतो. प्लग बसत नसेल तर स्वस्त ॲडॅप्टर लावा. फार तर चित्र दिसणार नाही, नुकसान काही होत नाही. आणि तरीही पडदा काळाच राहिला तर संगणक गेला असे समजा. या सल्ल्यातील चारही विधाने चुकीची आहेत, आणि शेवटच्या विधानापायी उत्तम चालणारे संगणक भंगारात जातात, म्हणून त्यांचा क्रमाने समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

प्लगचा आकार संकेताविषयी काहीच सांगत नाही. आयबीएमच्या संगणकांतील एमडीए, सीजीए आणि ईजीए या मॉनिटरला चित्र पुरवणाऱ्या तिन्ही कार्डांवर ९ पिनांचा एकच डी आकाराचा सॉकेट होता, कमोडोर १२८ च्या ८० स्तंभांच्या आउटपुटलाही तोच होता. परंतु एमडीए सेकंदाला सुमारे १८,४०० आडव्या रेषा पाठवते, सीजीए सुमारे १५,७००, तर ईजीए आपल्या वरच्या मोडमध्ये जवळपास २१,८००. अटारी एसटीच्या बाबतीत तर सॉकेटही एक आणि संगणकही एक, तरी मॉनिटरच्या केबलमधील एक पिन ग्राउंडला जोडलेली आहे की नाही यावरून संगणक १५.७ किलोहर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १५,७०० रेषांचा) रंगीत संकेत द्यायचा की ३५.७ किलोहर्ट्झचा कृष्णधवल, हे ठरवतो.

ॲडॅप्टरचा मुद्दा अधिक खोलात जाऊन पाहण्यासारखा आहे. साधे ॲडॅप्टर केवळ तारा एका आकाराच्या प्लगमधून दुसऱ्यात नेते, वारंवारता, म्हणजे रेषा पाठवण्याचा हा वेग, बदलत नाही. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीचा अमिगा ५०० सुमारे १५.६ किलोहर्ट्झचा संकेत देतो, तर १९८७ साली आलेल्या व्हीजीए या मॉनिटर-जोडणीची सुरुवातच ३१.५ किलोहर्ट्झपासून होते. त्यामुळे अमिगाच्या २३ पिनांवरून व्हीजीएच्या १५ पिनांवर नेणारे ॲडॅप्टर लावले तरी बहुतेक मॉनिटर तो संकेत नाकारतात. काही मॉनिटर १५ किलोहर्ट्झ स्वीकारतात, हे खरे. पण ते त्यांच्या माहितीपुस्तिकेतील आडव्या वारंवारतेच्या आकड्यावरून ओळखायचे असते, प्लगवरून नव्हे.

वारंवारता खरोखर बदलणारा कन्व्हर्टर घेतला तरी प्रश्न उरतोच. दूरचित्रवाणीचे पाल चित्र ३१२.५ रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांतून विणलेले असते, तर पाल कमोडोर ६४ दर वेळी ३१२ रेषांचे एकच पूर्ण चित्र पाठवतो. स्वस्त कन्व्हर्टर त्यालाही विणलेले समजून लागोपाठची दोन चित्रे एकत्र करतात. परिणामी सरकणाऱ्या आकृतींच्या कडा दातेरी होतात आणि एका चित्राआड दाखवलेल्या आकृती कधी अर्धपारदर्शक दिसतात, तर कधी नाहीशा होतात. ओएसएससी या रेषा दुप्पट करणाऱ्या कन्व्हर्टरसारखी उपकरणे संपूर्ण चित्र साठवून न ठेवता प्रत्येक रेषा तेवढी दुप्पट करतात, त्यामुळे विलंब नगण्य राहतो; मात्र ती मूळचा ५० हर्ट्झचा वेग तसाच पुढे पाठवतात, तेव्हा तो मॉनिटरला मान्य असावा लागतो.

नुकसान होत नाही, हे विधान मला सर्वांत बेजबाबदार वाटते. सीजीए कार्ड आणि बीबीसी मायक्रो हा संगणक रंगांच्या तारांवर ५ व्होल्टच्या घरातील डिजिटल पातळ्या पाठवतात, तर ॲनालॉग आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांच्या वेगळ्या तारांच्या) इनपुटची अपेक्षा सुमारे ०.७ व्होल्टची असते. मधे योग्य रोध न घालता ते जोडणे म्हणजे मॉनिटरच्या इनपुटवर अनेक पटींनी जास्त ताण देणे होय. अमिगाच्या २३ पिनांपैकी एकीवर तर सरळ १२ व्होल्टचा वीजपुरवठा असतो. घरी बनवलेल्या केबलमध्ये एक पिन चुकली तर काय होईल, ते सांगायला नको. आयबीएमच्या मूळ कृष्णधवल मॉनिटरचे आडवे विक्षेपण, म्हणजे पडद्यावर किरण आडवा फिरवणे, कार्डाकडून येणाऱ्या सिंकवरच (रेषा कधी सुरू करायची ते सांगणाऱ्या स्पंदावरच) चालत असे, त्यामुळे चुकीच्या संकेताने तो बिघडण्याचा धोका खरा होता.

हा सल्ला काही ठिकाणी लागू पडतो, हेही नमूद केले पाहिजे. कमोडोर ६४ चा कॉम्पोझिट (सगळे चित्र एकाच तारेतून नेणारा) संकेत योग्य केबलने टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला दिला की चित्र सहसा दिसते.

राहिला काळ्या पडद्याचा निष्कर्ष. झेडएक्स स्पेक्ट्रमचे मूळ आउटपुट केवळ ॲन्टेना सॉकेटसाठीचे, यूएचएफ या टीव्ही प्रसारणाच्या पट्ट्यातील ३६ व्या चॅनेलवरचे आहे. ज्या टीव्हीत ॲनालॉग ट्यूनर नाही त्यावर ते कधीच दिसणार नाही, मग संगणक कितीही ठणठणीत असो. अमिगा ५०० च्या कॉम्पोझिट सॉकेटमधून मुळातच कृष्णधवल चित्र येते. रंग नसणे हा तेथे दोष नाही. बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन स्वरांचा आवाज देतो, आणि तो नेहमीसारखा ऐकू आला तर पडदा काळा असला तरी यंत्र चालू आहे. अशा वेळी तपासायची ती केबल आणि मॉनिटर.