ओट्स कशाला, दादरची भाकरी आहे ना!

साठीनंतर शुगर असेल तर भाकरी बंद करून ओट्स खा असं एका लेखात वाचलं, ते काही पटलं नाही बुवा. आमच्या जळगावकडे दादर ज्वारी आहे, कळण्याची भाकरी आहे, त्यात ज्वारीसोबत अख्खे उडीद दळलेले म्हणजे थोडं प्रोटीन पण आलं, जे म्हातारपणी कमीच पडतं, फक्त तीनच्या जागी दीड खा आणि जोडीला मेथीची भाजी नाहीतर भरीत, तेही तेलाचा तवंग नसलेलं (लग्नातल्या भरिताचं बोलत नाही मी). केळीच्या बागांमधल्या आमच्या रावेर-यावलवाल्यांना केळी सोडा सांगून काय उपयोग, अर्धं केळं, तेही जास्त पिकलेलं नको, वेफर्स मात्र बंदच.

खरी भीती उपवासाची. आमची आई शुगर कमी करणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन निर्जळी एकादशी करायची, डॉक्टर चिडलेच, म्हणे अशाने शुगर ७० च्या खाली जाते, घाम, थरथर, चक्कर, अन् या वयात पडलं की हाड मोडतं. तसं वाटलं तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी परत चेक करा. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरला आधीच विचारा. लेखात यावर एक ओळ नाही, अन् चिया सीड्सवर अख्खा परिच्छेद!